माळ्याची शिडी

सांडू मिस्त्रीनं ड्रिल बंद केलं तेव्हा साळूबाईंच्या चादरीवर सिमेंटची भुकटी साचली होती. त्यांनी ती झटकली नाही. हात वर केला की खुब्यातून कळ यायची. स्टुलावरून पडून हाड मोडल्यापासून त्या हॉलमधल्या या पलंगावरच होत्या, आणि ज्याच्याखाली पडल्या तो माळा रात्रंदिवस डोळ्यांसमोर होता.

"दिवा लाव," तात्यासाहेब मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्रीनं खालचं बटण दाबलं. माळ्यावर पांढरा उजेड पडला आणि साळूबाईंना त्याची मागची भिंत पहिल्यांदाच दिसली. आजवर त्या तिथं चाचपडूनच सामान शोधत आल्या होत्या. आता आत नवा प्लाय होता, पुढं सरकती दारं होती, सामान घसरू नये म्हणून कडेला लाकडी पट्टी मारली होती. मिस्त्रीनं वरची कडी ओढली तशी घडीची शिडी उलगडत खाली आली. रुंद पायऱ्या, त्यांना रबर, दोन्ही बाजूंना धरायला कठडे.

"हे आधीच करायला पाहिजे होतं, साहेब," मिस्त्री सहज म्हणाला. "एका दिवसाचं तर काम."

"आधी गरज कुठं होती?" तात्यासाहेबांनी पलंगाकडं मान हलवली. "ही चढत होती की."

"मी म्हणले होते तुम्हाला," साळूबाई म्हणाल्या. "दोनदा म्हणले होते. स्टूल डुगडुगतं म्हणून."

"तू काय, सतरा गोष्टी म्हणतीस." ते शिडीचा कठडा हलवून बघत होते. तो हलला नाही. त्यांना बरं वाटलं.

शिडी पूर्ण उघडायला मात्र जागा नव्हती. तिचे पाय पलंगाच्या लाकडावर टेकले होते. मिस्त्रीनं मान तिरकी करून अंदाज घेतला.

"उलटी बसवू का, साहेब? तिकडून भी उतरल. टीव्हीचं कपाट तेवढं हातभर सरकवावं लागल."

तात्यासाहेबांनी कपाटाकडं पाहिलं. ते मुलानं, इंद्रजीतनं, नवंच करून घेतलं होतं.

"ते राहू दे. पलंग हलव."

"कुठं?"

"मागच्या खोलीत."

"तिथं पंखा नाय हो," साळूबाई म्हणाल्या. "खिडकी भी नाय."

"उन्हाळ्याला टाइम हाय अजून."

पुढून मिस्त्रीनं धरलं, मागून तात्यासाहेबांनी. साळूबाई पलंगावरच होत्या. त्यांना उतरवायचं म्हणजे सुनेची वाट बघावी लागली असती. उंबऱ्याशी पलंग अडकला, एका बाजूनं उचलला आणि दणकन खाली बसला. साळूबाईंनी पदराचा बोळा दातात धरला.

"हळू, हळू," तात्यासाहेब म्हणाले. "फरशीवर ओरखडे पडतील."

मागच्या खोलीत इन्व्हर्टर होता, रिकामा सिलेंडर होता, गव्हाची कोठी होती. पलंग कोठीला लावून ठेवला. दारातून समोरची भिंत तेवढी दिसत होती. बाहेर शिडी वरखाली होत राहिली. मिस्त्री हत्यारं गोळा करून गेला तेव्हा शेजारचे पुंडलिकराव शिडी बघायला आले, आणि तात्यासाहेबांनी त्यांना दिवा लावून दाखवला, विझवून दाखवला, दारं सरकवून दाखवली.

सून सायली औरंगपुऱ्यातल्या ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आई, तुम्ही इकडं?"

"शिडीला जागा पुरंना."

सायली आत आली. चादरीवरची भुकटी तिनं हातानं गोळा केली आणि मुठीत धरून पलंगाच्या कडेला बसली.

"तू त्यांना काय म्हणलीस गं?" साळूबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"कशाबद्दल?"

"शिडीचं."

"काही नाही. परवा त्यांनी माझ्यापुढं स्टूल ठेवलं. मी म्हटलं, मी नाही चढणार."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन केला त्यांनी."

"रागावले नाय?"

"नाही."

साळूबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"एवढंच म्हणलीस?"

"एवढंच."

हॉलमध्ये शिडीवर पावलं वाजली. तात्यासाहेब स्वतः चढत होते. पंच्याहत्तरीच्या माणसाला एकदाही थांबावं लागलं नाही. मग वरून, माळ्याच्या पोकळीतून त्यांचा आवाज आला.

"साळू, ती मोठी पितळी परात कुठं ठेवलीस? रविवारी दौलताबादचे पाहुणे येणार हायत."

साळूबाईंनी बोटाभोवतीचा पदर सोडला.

"साळू! परात!"

"सांग त्यांना," साळूबाई सुनेला म्हणाल्या. "पुढंच हाय, उजव्या हाताला. पडले त्या दिवशी मी तीच काढत होते. बोटं लागली होती माझी तिला."

सायली उठली. मूठ तशीच आवळलेली होती. दोन पावलं टाकून ती दाराशी थांबली, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. माळ्यावर पितळ खणखणलं.

"घावली गं," तात्यासाहेब वरूनच म्हणाले. आवाजात आनंद होता. "नुसता हात लांबवला की आली बघ."