स्वयंपाकघरातला पतंग

मायक्रोस्कोपखालच्या पतंगाच्या काळ्या पंखांवर लाल-पिवळे ठिपके होते. संग्रहालयातल्या कीटकबाईंनी भिंग पुन्हा फिरवून पाहिलं. आपली चूक निघावी, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच वाटत होतं.

चूक नव्हती. रात्री उडणाऱ्या पतंगांच्या कुळातला हा लिलीचा पतंग. याची अळी खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. लिली, नाहीतर कळलावीचा वेल. आणि तो बसला होता धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या जाळीवर. काल सवयीनं बाईंनी त्याला डबीत घातलं होतं.

धाकटी काल किती वाळलेली दिसली. डोळ्यांखाली काळं, हाताला कंप, भांडं वाजलं तरी दचकत होती. नवरा पहिल्यापासून तापट, प्रसंगी हात उचलणारा. "ते आत झोपलेत, हळू बोल," एवढंच ती म्हणाली होती.

हातातलं काम टाकून बाईंनी धाकटीची इमारत गाठली आणि आधी गच्चीवर गेल्या. लिलीचं नाव नव्हतं. टाकीमागच्या कुंडीत कळलावी होती, पानं कुरतडलेली, माती नुकतीच उकरलेली. कंद गायब. त्या धावतच जिना उतरल्या.

दार धाकटीनं उघडलं.

"बॅग भर. माझ्याकडे चल."

"काय झालं, ताई?"

"वर कळलावी लावलीय. तिचा कंद म्हणजे विष. उलट्या होतात, माणूस खंगतो, केस पुंजक्यांनी गळतात. कुणीतरी तो उकरून नेलाय." बाईंनी तिचं मनगट धरलं. "या घरात काही खाऊ नकोस. पाणीसुद्धा पिऊ नकोस."

धाकटी पांढरीफटक पडली. "तुला कुणी सांगितलं?"

"त्या पतंगानं. घाबरू नकोस गं, मी आहे ना."

"आणखी कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलणार? आधी तू इथून बाहेर पड."

धाकटी जागची हलली नाही. आतल्या खोलीत खाट करकरली आणि मेहुणा भिंत धरत दारात आला. बाईंनी बहिणीला मागे ओढलं, मग त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढा दांडगा गडी, पण अंगावर मांस उरलं नव्हतं. डोक्यावर केस नावालाच होते.

"ताई, बरं झालं आलात," तो धापा टाकत म्हणाला. "हिला जरा समजवा, रात्रंदिवस माझ्यासाठी राबते. हिच्या हातचा काढा नसता, तर मी केव्हाच संपलो असतो."