मनःशांतीचा तास

भर दुपारी लाँड्रीतली मशीनं बंद झाली आणि सुपरवायझरनं स्वतःच्या हातानं फरशीवर चादरी अंथरल्या, तेव्हाच सासूबाईंनी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय. घटकाभर टेकू न देणारा हा माणूस आज गोड बोलून बसवतोय! गेल्या महिन्यात चक्कर आली म्हणून एक बाई गाठोड्यावर बसली, तर तिला घरी पाठवलं, ते कायमचंच.

साऱ्या बाया मांडी घालून बसल्या. सासूबाईंना खेटून त्यांची सून. तिला दिवस गेलेत, हे त्या दोघींखेरीज इथं कुणाला ठाऊक नव्हतं.

मनःशांती शिकवायला आलेली पोरगी समोर उभी राहिली. आवाज कसा, साय लावल्यासारखा.

"डोळे मिटा. श्वासाकडे बघा."

"मिटल्यावर बघायचं कशानं गं?" सासूबाई पुटपुटल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"आता मनाशी खरं बोला. जिला थकवा वाटतोय तिनं हात वर करा. कुणीही बघत नाहीये."

बघत नाही म्हणून सांगावं लागतं, तिथं कुणीतरी बघत असतंच. सासूबाईंनी एक डोळा किलकिला केला. शिकवणारीचे डोळे खरंच मिटलेले होते. सुपरवायझर मात्र भिंतीला टेकून एकेकीला न्याहाळत होता, भाजीतली किडकी पानं शोधावीत तसा.

शेजारी सुनेचा हात हलला. सासूबाईंनी तो मांडीवरच दाबून धरला.

"आई, खोटं कशाला..."

"गप बस."

मग त्यांनी आवाज चढवला. "ओ साहेब! तुम्हाला मन नाही होय? तुम्ही पण मिटा की डोळे."

सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. सुपरवायझर गोरामोरा झाला. शिकवणारीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू उतरलं.

"बसा ना सर," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखाच."

तो बसला. डोळे मिटले.

"परत विचारते," ती सावकाश म्हणाली. "थकलेल्यांनी हात वर करा."

सासूबाईंनी त्याच्या पापण्या नीट निरखल्या. मग त्या पोरीचा चेहराही निरखला. मगच सुनेचा हात सोडला.

तो वर गेला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. बघता बघता खोलीभर हातच हात झाले.

"किती आहेत?" मिटल्या डोळ्यांनी सुपरवायझरनं विचारलं.

शिकवणारी त्या हातांकडे बघत राहिली.

"एकही नाही, सर."