आकडा आहे, नाव नाही

“हा आकडा कोन्या बिमारीचा होय जी?” अनुसयाबाईनं विचारलं.

टिकारामला घरी सोडण्याचा कागद डॉक्टर केशोरावांनी नुकताच तिच्या हातात दिला होता. बाईला अक्षरओळख नव्हती, पण कागदावर शब्द कमी आणि आकडा ठळक आहे, एवढं तिच्या नजरेनं टिपलं होतं.

“कोणत्याच नाही,” केशोराव म्हणाले. “टिकारामच्या रक्तात दोष आहे, एवढं खरं. तो कशानं आला ते कळलं नाही. अशा रोग्यांसाठी हा आकडा.”

गोंदियाच्या त्या दवाखान्यात नागपूरहून रोगांची नवी यादी आली होती. हिवतापाला एक आकडा, क्षयाला दुसरा, आणि ज्याचा थांगपत्ता लागत नाही त्यासाठी अगदी शेवटच्या पानावर एक. बाकीचे डॉक्टर त्या पानाकडे फिरकत नसत. हिवताप लिहायचा आणि हात धुवायचे. केशोरावांना ते जमत नसे. त्यावरून लोक त्यांची थट्टा करत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती थट्टा आवडायची.

टिकारामच्या रक्तातलं पाणी नळीत घेऊन त्यांनी फॉर्मलिनचे थेंब टाकले होते. पाणी दह्यासारखं थिजलं. रक्तातली प्रथिनं वाजवीपेक्षा वाढली की असं होतं. काळ्या आजारात ते हटकून दिसतं. पण पोराची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली नव्हती आणि नागपूरच्या तपासणीत जंतूही सापडला नव्हता. ताप उतरला, अशक्तपणा राहिला, कारण काही हाती लागलं नाही.

टिकारामचा थोरला भाऊ दुधराम दोघांना दवाखान्यात सोडून गेला तो पुन्हा फिरकला नव्हता. सगळं केलं ते या बाईनं. वॉर्डात तिला सगळे टिकारामची आई म्हणत आणि इतर रोग्यांच्या नातेवाइकांना तिचा दाखला देत. प्रत्येक घास ती आधी स्वतः खाऊन दाखवी, मग त्याला भरवी. पोरगा मात्र भिंतीकडे तोंड फिरवी, तिच्याशी अवाक्षर बोलत नसे. केशोरावांना त्याचा मनापासून राग यायचा. एवढं करणारी आई, आणि पोटी असला दिवटा.

“टीबी लिवा ना जी,” अनुसयाबाई म्हणाली.

“टीबी नाही त्याला.”

“तं हिवताप लिवा. ज्याले नाव आहे असं काहीबी लिवा.”

केशोरावांना हसू आलं. रोग लपवा म्हणून हातापाया पडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. रोग द्या म्हणणारी ही पहिलीच.

“नाव कशाला हवं?”

“नाव नसन तं गाव म्हणन, डॉक्टरले बिमारी सापडली नाही, म्हंजे करनीच होय. उद्या दुधराम गाडी घेऊन येते. मंग पंच बसतीन. ज्या बाईवर आळ आहे, तिचे दात पाडतीन आन् तिले गावाबाहेर काढतीन.”

केशोरावांचं हसू मावळलं. त्यांना त्या अनोळखी बाईची कीव आली, आणि समोरच्या बाईचं कौतुकही वाटलं. पण त्यांनी लेखणी उचलली नाही.

“खोटं नाव लिहिलं, तर पुढचा डॉक्टर त्या खोट्या रोगाचं औषध देत बसेल,” ते म्हणाले. “त्यात टिकारामचा जीव जाईल. चालेल तुम्हाला?”

तिनं मान खाली घातली. मग हळूच नकारार्थी मान हलवली.

केशोरावांना भरून आलं. त्यांनी आवाज मऊ केला.

“तुमचं मन मोठं आहे, बाई. आपल्या मुलावर जिनं करणी केली म्हणतात, तिची एवढी काळजी कोण करतं? तिला माझा निरोप द्या. गावाचं डोकं थंड होईपर्यंत माहेरी जाऊन राहा म्हणावं.”

“तिले माहेर नाही जी,” अनुसयाबाई म्हणाली. “माहेर असतं, तं गावाच्या धाकानं लोकाच्या पोराचं हागमूत काढत मी इथं कायले राहिली असती?”