प्लंबरच्या घरचा नळ

नळ ओरडलाच नाही.

प्लंबरने तो पूर्ण सोडला. पाणी गुपचूप बादलीत पडत राहिलं. कालपर्यंत हाच नळ सोडला की भिंतीतला पाइप थरथरायचा आणि सगळं घर दणाणायचं. त्या गोंगाटात माणूस बाथरूममध्ये काय करतोय, हे बाहेर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"नळाला काय केलंस?" त्याने आतूनच विचारलं.

"दुसरा प्लंबर बोलावला सकाळी!" जेवणाच्या टेबलावरून बायको ओरडली. "गावभरचे नळ दुरुस्त करता अन् घरचा बोंबलत ठेवता. किती विनवण्या करायच्या तुमच्या?"

पाहुणे हसले. ते हसणं दाराच्या फटीतून जसंच्या तसं आत आलं. म्हणजे आतलंही तसंच बाहेर जाणार.

पोट दगडासारखं झालं होतं. मेहुण्याशी पैज लावून त्याने उकडलेल्या अंड्यांचं पातेलं एकट्याने रिकामं केलं होतं. लहानपणी त्याला सगळे ढोल्या म्हणायचे. आता खादाड म्हणत, पण कौतुकाने, कारण अंगावर काही दिसत नव्हतं. पुरुष दाबून खातो म्हटलं की लोक पाठ थोपटतात. खाल्लेलं जातं कुठे, हे विचारायची फुरसत एकालाही नसते. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर, सांध्यांपाशी, दात लागून खपल्या धरल्या होत्या. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. पाना सटकला.

बोटं तोंडापर्यंत गेली. तिथेच थांबली. त्याने नुसतंच तोंड धुतलं आणि तो बाहेर आला.

"या भाऊजी, या!" मेहुण्याने खुर्ची सरकवली. "आमच्या खालच्या मजल्यावरची एक पोरगी दवाखान्यात आहे. खाते आणि मुद्दाम ओकते म्हणे. डॉक्टर म्हणतात आजार आहे. डोंबलाचा आजार! दोन कानाखाली द्या, जागच्या जागी बरी होईल. काय भाऊजी?"

"पोटभरल्यांची नाटकं," प्लंबर म्हणाला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला.

"नाहीतर आमची भाची बघा," मेहुण्याची बायको म्हणाली. "खाते बापासारखी, पण अंगाला लागत नाही. नशीब काढलंय पोरीने."

"बापावरच गेलीय," बायको म्हणाली.

त्याची मुलगी समोरच बसली होती. पावाच्या तुकड्याने ताट पुसत होती. मामी तिसऱ्यांदा वाढायला लागली तशी ती उठली. खुर्ची पडता पडता राहिली. बाथरूमची कडी लागली.

पाणी पडल्याचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. प्लंबरने हातातला घास ताटात ठेवला. मग दार धाडकन उघडलं.

"नळ कुणी दुरुस्त केला?" मुलगी किंचाळली. चेहरा पांढराफटक पडला होता.

सगळे खो खो हसले. "घ्या! बिघडला तरी बोंब, सुधारला तरी बोंब," मेहुणा म्हणाला.

प्लंबर हसला नाही. तिने चौकट घट्ट धरली होती, आणि तो तिच्या हाताकडे बघत होता. बोटांच्या सांध्यांवर खपल्या. तिने आयुष्यात कधी पाना धरला नव्हता.

बाप बघतोय हे तिला कळलं. तिने हात पाठीमागे लपवला.

तो उठला. लोकांना ती दिसणार नाही असा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मग आपला उजवा हात त्याने मेहुण्याच्या तोंडासमोर धरला.

"पाना सटकलेला नाही. हे दात लागलेत. माझे. मी रोज दाबून खातो आणि रोज ओकतो. इतकी वर्षं तो नळ मीच बोंबलत ठेवला होता."

हसणं मध्येच तुटलं. बायकोच्या हातातली पळी खाली पडली. त्याने हात मागे घेतला नाही.

"कानाखाली द्यायची म्हणत होतास ना? सुरुवात माझ्यापासून कर."