तिसरा रकाना

“मावशी, हा डोंगर आहे, माडीचा जिना नाही,” चौकीवरचा रखवालदार म्हणाला. “गुडघ्यांचा तरी विचार करा.”

“गुडघे माझे आहेत. तू वही आण इकडे.”

वहीत तीन रकाने होते. नाव, चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ. ज्याचं त्यानं स्वतः लिहायचं. एकही रकाना रिकामा असला तर वही कपाटात जाणार नाही, असा रखवालदाराचा खाक्या. म्हणून तर सहा वर्षांपूर्वीची एक वही अजून टेबलावरच होती. तिच्यात मावशीच्या मुलाच्या नावापुढचा तिसरा रकाना कोरा होता. माणसं शोधून शोधून थकली, पण तो सापडलाच नाही.

दरवर्षी त्याच तारखेला ती यायची, बाकावर बसायची आणि डोंगराला शिव्या घालायची. एवढं काय ठेवलंय मेल्या दगडधोंड्यांत? मग रडायची. कारण त्या सकाळी दारात तीच मुलाला म्हणाली होती, “घरापेक्षा डोंगर प्यारा ना? मग तिकडेच राहा.” आपली जीभ का झडली नाही, असं तिला सहा वर्षं वाटत होतं.

आज मात्र ती चढली. रखवालदाराचा जीव टांगणीला लागला. समोरचा चहा गार झाला, तरी दुर्बीण काही त्याच्या डोळ्यांवरून हटेना.

ती उतरली ती काठी टेकत, केस विस्कटलेले, चेहरा उन्हानं लाल. येऊन बाकावर टेकली.

“वर नुसतं गवत आहे रे,” ती म्हणाली. “वारा आला की अख्खं पठार हलतं. ढग पायाखाली. कुणी हाक मारत नाही की घाई करत नाही. माझाच पाय निघेना, तर त्याचा कसा निघायचा? त्याला म्हटलं, चुकले मी. चल आता घरी.”

रखवालदारानं आजची वही पुढे सरकवली. तिनं ती बाजूला केली आणि जुनी ओढून घेतली. मुलाच्या नावापुढे तिनं सावकाश लिहिलं, ‘चार वाजून वीस’.

“आणि तुमची वेळ, मावशी?”

पेन ठेवून ती केव्हाच घराच्या वाटेला लागली होती.

रखवालदारानं जुनी वही कपाटात ठेवली. आजची टेबलावरच राहिली.