खर्जातलं वर्ष

आजोबांनी काठीचं टोक भिंतीवरच्या रेघेला टेकवलं आणि पहिल्या बाकावर कुणीतरी लगेच जांभई दिली.

रेघ लांबलचक होती. जोडून जोडून चिकटवलेल्या कागदांवरून ती वर्गाच्या दारापासून थेट खिडकीपर्यंत गेली होती. चढत, घसरत, पुन्हा चढत. शेअर बाजाराची कित्येक वर्षं तिच्यात होती आणि त्यातली बरीचशी आजोबांनी दलालीत काढली होती.

“ही तेजी,” ते म्हणाले. “सगळ्यांना शेअर हवे असतात, म्हणून भाव वर जातात. मग ही मंदी. सगळे विकायला निघतात, म्हणून...”

दुसरी जांभई. मग जांभया बाकाबाकांवरून पसरत गेल्या.

खिडकीजवळ नात मान खाली घालून बसली होती. गेल्या आठवड्यात एका मुलाचे बाबा वर्गात येऊन आपल्या कामाबद्दल सांगून गेले होते. ते आगीच्या बंबावर कामाला. त्यांचं हेल्मेट सगळ्यांनी एकेकदा डोक्यावर घालून पाहिलं होतं. तेव्हाच नात तावातावाने म्हणाली होती, “माझे आजोबा याहून भारी आहेत!” आता तिचे कान लालबुंद झाले होते, आणि आजोबांना ते तिथून दिसत होते.

आज हिची फजिती होता कामा नये, असं त्यांनी येतानाच मनाशी ठरवलं होतं. पण जांभया काही थांबेनात. ते नुसती काठी पुढे सरकवत राहिले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून गुणगुण ऐकू आली. काठी वर गेली की सूर वर, खाली आली की खाली.

“भुंगा!” बाई ओरडल्या. ही मुलगी सदा गुणगुणायची, म्हणून सगळे तिला भुंगाच म्हणत. “गप्प बस पाहू!”

“नको, नको, बाई. बरोबर म्हणतेय ती.” आजोबांनी काठी पुन्हा दाराशी नेली. “चला, सगळ्यांनी म्हणायचं. काठी जाईल तिथे आवाज गेला पाहिजे.”

वर्गाने मोठ्ठा आऽऽ लावला. तेजीच्या टोकाशी मुलं किंचाळत बाकांवर उभी राहिली. घसरणीला सगळी मिळून घरंगळत खाली आली. बाईंनी आधी कान झाकले, मग त्याही गायला लागल्या.

आणि काठी एका खोल खड्ड्याशी आली. मोठी पडझड. तिथे रेघ उभी कोसळून कागदाच्या तळाला टेकली होती. आवाज उतरत गेले, खरखरले, एकेक करून बंद पडले.

“आजोबा, आमचा आवाज नाही जात तिथवर,” भुंगा म्हणाली.

नातीने मान वर केली. “तुम्ही म्हणा ना, आजोबा.”

आजोबांनी त्या तळाकडे पाहिलं. त्या वर्षाबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पार पोटातून खर्ज लावला. तावदानं थरथरली.

“बापरे!” बंबवाल्यांचा मुलगा ओरडला. “आमच्या बंबाचा भोंगासुद्धा एवढा नाही!”

वर्ग हसून हसून लोळला. नात तर सगळ्यांत जास्त. आणि त्या खड्ड्यावर काठी टेकवून आजोबाही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“आता बाहेर काढा मला,” ते म्हणाले. “एकट्याने नाही जमायचं.”

मुलांनी त्यांचा सूर उचलला. वर, आणखी वर, जुन्या टोकाच्याही वर. तिथे कागद संपला. पुढे उघडी खिडकी होती. काठी थांबली, पण सूर कुणीच सोडेना. गाल फुगलेले, चेहरे लाल, सगळ्यांचे डोळे काठीच्या टोकावर.

“आजोबा, आता पुढे कुठे?” नातीने विचारलं.

“ते कुणालाच ठाऊक नसतं गं,” आजोबा म्हणाले. “आधी सगळ्यांनी श्वास घ्या.”