सुभेदाराला मागणी

“सुभेदार आहे ना आज?” अपूर्वानं फाटकातूनच विचारलं.

“हाय की,” नाथाजी म्हणाला. “पर ताई, त्याला लय मागनी आलीया हल्ली.”

अपूर्वाला हसू आलं. एक डोळा गेलेला, एक कान तुटलेला, अंगभर जुन्या मारामाऱ्यांच्या खुणा. या रूपाला मागणी कोण घालणार? नाथाजी फौजेतून आल्यापासून सांगलीत कृष्णेकाठी मोकाट कुत्री सांभाळायचा आणि त्यांना हुद्द्यांची नावं द्यायचा. कुत्र्यांना घराची सवय लागावी, जमलं तर कायमचं घर मिळावं, म्हणून कुणालाही एक दिवसापुरतं कुत्रं न्यायची मुभा होती. दिवेलागणीला आणून सोडायचं, एवढीच अट.

लोक गोजिरवाणी पिल्लं न्यायचे. अपूर्वा मात्र सुभेदारच मागायची. मधे एका रविवारी तो आधीच कुणीतरी नेला होता, तेव्हा तिनं हवालदारावर भागवलं. नशीब, त्या दिवशी घरी पाहुणे नव्हते.

कारण पाहुण्यांसाठीच तर सुभेदार लागायचा. एप्रिलमध्ये तिची एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा होती आणि वडिलांनी, गोपाळकृष्णपंतांनी, स्थळं बघायचा सपाटा लावला होता. बरीच रडारड होऊन शेवटी तह झाला. मुलानं नकार दिला तर विषय तिथंच संपला. होकार दिला तर लग्न परीक्षेआधीच, अपूर्वानं आढेवेढे घ्यायचे नाहीत. म्हणजे परीक्षा हवी तर नकार मिळवणं भाग होतं.

सुभेदार चावायचा नाही. तो पाहुण्यासमोर बसायचा, एका डोळ्यानं रोखून बघायचा आणि पोह्यांचा चमचा तोंडाकडे गेला की घशातल्या घशात गुरगुरायचा. हे तिनं त्याला शिकवलेलं नव्हतं. पहिल्याच रविवारी तो आपण होऊन तसा बसला, तेव्हा तिला तो देवानंच धाडल्यासारखा वाटला होता. आतापर्यंत दोन मुलगे बश्या अर्ध्या टाकून उठले होते. दोघांचेही नकार घरात नव्यानं आलेल्या फोनवर आले. पंतांना ते कुत्रं खटकायचं, पण दर रविवारी कुत्रं आणणं हा लेकीचा नेम होता, आणि स्वतः संकष्टी न चुकवणारा माणूस दुसऱ्याचा नेम कोणत्या तोंडानं मोडणार?

आजचा मुलगा शौनक. आईवडील साताऱ्याला, तो इथं नोकरीला, विश्रामबागेत एकटा राहणारा. मध्यस्थांनी आज मुलगी आणि पुढच्या रविवारी मुलाचं घर, असं दोन्ही बघणं एकदमच ठरवून टाकलं होतं. मुलगा लाखात एक, पण का कोण जाणे, मुलीकडचे घर बघून येतात आणि मागे हटतात, असंही ते म्हणाले होते. पंतांनी सुस्कारा टाकला. आपल्याकडेही तेच चाललंय, म्हणाले.

पोहे आले. शौनकनं बशी हातात घेतली. अपूर्वानं सुभेदाराकडे मोठ्या आशेनं पाहिलं.

सुभेदार उठला, शेपटी हलवत गेला आणि शौनकच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं आपला एकुलता डोळा मिटला.

शौनकचा चमचा हवेतच राहिला. एप्रिल गेला, परीक्षा गेली, आणि तेही या फितुरामुळे. साताऱ्याहून आलेल्या शौनकच्या आई मात्र हरखल्या. कुत्र्यासकट सगळ्या घरानं आमच्या मुलाला पसंत केलेलं दिसतंय, असं त्या म्हणाल्या आणि पंतांचा चेहरा उजळला. मग रीतीप्रमाणे मुलांना जरा बोलू द्या झालं.

दोघं परसात पेरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. सुभेदार मधे बसला. आता आडपडद्यात अर्थ नव्हता.

“मला तुमचा नकार हवाय,” अपूर्वा म्हणाली. “आणि तो या कुत्र्यानं मिळवून द्यायचा होता.”

शौनक खाली वाकला आणि तुटक्या कानामागे, नेमकं सुभेदाराला आवडतं तिथंच, खाजवू लागला.

“मला तुमच्या बाबांचा हवा होता,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी ते माझं घर बघायला येणार, म्हणून मी नाथाजीकडे सुभेदार आधीच राखून ठेवलाय.”